‘तो तयारच होत नाही’ : व्यसनी माणसाला उपचारापर्यंत नेण्याची शंभर वर्षांची गोष्ट



मागच्या पावसाळ्यात पैठण तालुक्यातल्या एका गावात बचत गटाच्या बैठकीला गेले होते. हप्ते गोळा झाले, वहीवर सह्या झाल्या, चहा झाला. बायका उठायला लागल्या तेव्हा दाराशी बसलेली एक बाई हळूच म्हणाली, “ताई, तुम्ही म्हणता उपचार करा. पण आमचा माणूस तयारच होत नाही. हातपाय बांधून न्यायचा का?”

दोघी-तिघी हसल्या, मग सगळ्या गप्प झाल्या. तो प्रश्न एकटीचा नव्हताच. माझ्या आईनेही तो आयुष्यभर विचारला. आज तिच्यासाठीच ही गोष्ट सांगते आहे. दारूचे तोटे मी सांगणार नाही, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहेत. आपल्या माणसाला उपचारापर्यंत नेण्यासाठी आपल्या आधीच्या बायकांनी काय काय केलं, त्यातलं काय फसलं आणि काय कामी आलं, ते बघू या.

सुरुवात एका नाटकापासून करते. राम गणेश गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ तुमच्यापैकी काहींनी पाहिलं असेल, निदान नाव तरी ऐकलं असेल. गडकरी १९१९ च्या जानेवारीत वारले. नाटक रंगभूमीवर आलं ते त्यांच्या माघारी. बालगंधर्वांनी केलेली सिंधू बघून त्या काळची माणसं ढसाढसा रडली. सिंधूचा नवरा सुधाकर चांगला हुशार वकील. कोर्टात अपमान होतो आणि तळीराम नावाचा कारकून त्याच्या हातात पहिला प्याला देतो. पुढे घर बुडतं. सिंधू दळणं दळून पोर जगवते, पण नवऱ्याबद्दल एक वाकडा शब्द बोलत नाही. शेवटी दारूच्या नशेत सुधाकरच्या हातून तान्हं बाळ जातं, सिंधूच्या डोक्याला मार लागतो. फौजदार विचारतो तेव्हा मरणाच्या दारात असलेली सिंधू सांगते, मीच पडले.

शंभर वर्षं या सिंधूला आदर्श मानलं गेलं. सोसावं, झाकावं, चार लोकांत बोलू नये. पण नाटकात आणखी एक गोष्ट आहे आणि तिकडे आपलं लक्ष कमी जातं. सुधाकर मध्येच दारू सोडायची शपथ घेतो. खऱ्या मनाने घेतो. काम शोधायला बाहेर पडतो, लोक झिडकारतात आणि तो पुन्हा प्यायला लागतो. म्हणजे नुसत्या शपथेवर भागत नाही, हे गडकऱ्यांना त्या काळीच दिसलं होतं. फक्त शपथेच्या पुढची वाट तेव्हा कुणालाच माहीत नव्हती. ना डॉक्टरला, ना वैद्याला, ना सिंधूला.

आता आपल्या मराठवाड्याकडे या. निजामाच्या राज्यात अबकारी, म्हणजे दारू आणि शिंदीवरचा कर, हा सरकारी तिजोरीचा मोठा आधार होता. म्हणून हैदराबाद मुक्तिसंग्रामात आपल्या लोकांनी करोडगिरीचे नाके मोडले, तशी शिंदीची झाडंही तोडली. झाड तोडलं की निजामाचा पैसा तुटतो, हा त्यामागचा हिशोब. पुढे १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची राजवट संपली. दारूचा पैसा मात्र संपला नाही. आज आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज-चिकलठाण्याच्या औद्योगिक पट्ट्यात बिअर आणि दारूचे कारखाने आहेत. २०१६ च्या उन्हाळ्यात तुम्ही-आम्ही टँकरखाली हंडे लावून उभ्या होतो. तेव्हा याच कारखान्यांचं पाणी आधी ५० आणि मग ६० टक्के कमी करा, असा आदेश उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला द्यावा लागला होता.

बायका मात्र गप्प बसल्या नाहीत. १९७२ च्या सुमारास तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातल्या शहादा तालुक्यात आदिवासी बाया गावोगाव फिरून दारूची मडकी फोडू लागल्या. गडचिरोलीत लोकांच्या मोठ्या चळवळीनंतर १९९३ साली जिल्हाभर दारूबंदी झाली. चंद्रपुरात २०१५ साली झाली, २०२१ मध्ये ती उठली. गावातल्या निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान बंद करता येतं, हा हक्क आपल्याला अशाच धडपडीतून मिळाला.

हे सगळं लागतंच. पण मैत्रिणींनो, दुकान बंद करणं आणि माणूस बरा करणं ही दोन वेगळी कामं आहेत. दुकान बंद झालं तरी घरातल्या माणसाचा सकाळचा हात थरथरतोच. तो शेजारच्या गावात जातो, नाहीतर हातभट्टीची पितो. काही गावांनी मग दुसरा उपाय केला, तो म्हणजे मार. राळेगणसिद्धीत पिणाऱ्यांना खांबाला बांधून मारलं जायचं, हे अण्णा हजारे यांनी स्वतःच सांगितलेलं आहे. धिंड काढणं, चपलांचा हार घालणं हेही बऱ्याच ठिकाणी झालं. त्यानं गावात जरब बसते, हे खरं. पण चारचौघांत इज्जत गेलेला माणूस घरी येऊन कुणावर राग काढतो, ते आपल्याला माहीत आहे. आणि ज्याचं शरीरच दारूला बांधलं गेलंय, त्याला मारून ती गाठ सुटत नाही.

माझ्या आईनं तिसरा उपाय केला होता. स्टँडवर कुणीतरी कागद वाटत होतं, ‘न सांगता दारू सोडवा’. आईनं मंगळसूत्रातले दोन मणी मोडून ती पावडर आणली आणि वडिलांच्या चहात घातली. संध्याकाळी ते पिऊन आले. रात्री तोंड लालबुंद, छाती धडधडतेय, उलट्या थांबेनात. शेजाऱ्यांच्या बैलगाडीतून दवाखान्यात नेलं. वाचले. पण त्या दिवसापासून त्यांनी आईच्या हातचा चहा कधी घेतला नाही. मरेपर्यंत नाही. दारूही सुटली नाही आणि विश्वासही गेला.

अशा औषधाचीही एक गोष्ट आहे. १९४० च्या दशकात डेन्मार्कमधले दोन संशोधक जंतांवरचं औषध म्हणून डायसल्फिरामचा अभ्यास करत होते. त्यांनी ते स्वतः घेऊन पाहिलं. नंतर दारू प्यायल्यावर त्यांना भयंकर त्रास झाला, तेव्हा कळलं की या गोळीचं आणि दारूचं वैर आहे. ही गोळी आजही वापरतात, पण डॉक्टरांनी तपासून, आणि घेणाऱ्याला सगळं सांगून. न सांगता दिली तर रक्तदाब एकदम पडू शकतो, हृदयावर ताण येऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. आणि स्टँडवरच्या पुडीत काय असतं ते तर देवालाच ठाऊक. म्हणून हात जोडून सांगते, चहात, भाजीत काहीही कालवू नका.

मग वाट निघाली ती कुठून? एक धागा अमेरिकेतला आहे. तिथे १९३५ साली दोन पिणाऱ्या माणसांनी एकमेकांच्या आधारानं दारू सोडली आणि अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे ‘एए’ सुरू झालं. त्यातल्या एकाचं नाव बिल विल्सन. त्याची बायको लॉइस. नवऱ्याची दारू सुटली, तो रोज बैठकीला जायला लागला. एक दिवस त्यानं तिला म्हटलं, चल, बैठकीला उशीर होईल. तिनं पायातला बूट काढून फेकून मारला! स्वतःलाच नवल वाटलं तिला. इतकी वर्षं ज्यासाठी जीव टाकला ते मिळालं, मग हा राग कसला? तेव्हा तिला उमगलं की नवऱ्याबरोबर आपणही आजारी पडलो होतो, आणि आपल्याला कुणी विचारलंच नाही. पिणाऱ्यांच्या बैठकी चालायच्या तेव्हा त्यांच्या बायका बाहेर वाट बघत बसायच्या. त्याच बायका एकमेकींशी बोलायला लागल्या. त्यातून १९५१ साली घरच्यांसाठी ‘अल-ॲनॉन’ ही संघटना उभी राहिली.

दुसरा धागा आपल्या पुण्याचा. १९८० च्या दशकात शहरांत गर्द पसरलं होतं. चांगल्या घरची पोरं त्यात वाहून जात होती. डॉ. अनिल अवचट यांनी त्या पोरांत फिरून, बसून त्यांच्याबद्दल लिहिलं. ते वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांना राहवलं नाही. त्यांनी पैशाची मदत देऊ केली. अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात डॉक्टर होत्या. त्यांनी काम अंगावर घेतलं आणि २९ ऑगस्ट १९८६ ला त्याच आवारात ‘मुक्तांगण’ सुरू झालं. नावातच अंगण आहे बघा. इथे गजांची खोली नाही, मोकळं अंगण.

मुक्तांगणनं आपल्याकडे दोन गोष्टी पक्क्या केल्या. पहिली, व्यसन हा आजार आहे. तो चारित्र्याचा डाग नाही. आजाऱ्याला शिव्या देत नाहीत, औषध देतात, आणि पथ्यही पाळायला लावतात. दुसरी, उपचार एकट्याचा होत नाही, घराचा होतो. पिणाऱ्यांच्या बायकांसाठी तिथे ‘सहचरी’ गट आहे. नवऱ्याचं कधी सुटेल ते सुटेल, तोवर तू जेवतेस का, झोपतेस का, हसतेस का, हे तिथे विचारतात. अनिताताई १९९७ साली कॅन्सरनं गेल्या. त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर पुढे ते काम बघू लागली. बायकाही व्यसनात सापडतात, त्यांच्यासाठी ‘निशिगंध’ हा वेगळा विभाग तिथे झाला. हे मुद्दाम सांगते, कारण तंबाखू-मिश्री आणि झोपेच्या गोळ्या आपल्याही घरात आहेत.

आता त्या बाईच्या प्रश्नाकडे येते. तयारच होत नाही, त्याचं काय?

पूर्वी एक समजूत होती. पिणारा पार तळाला गेल्याशिवाय सुधारत नाही, तोवर वाट बघा. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातले एक पाद्री, व्हर्नन जॉन्सन, स्वतः दारूतून बाहेर आलेले होते. त्यांना हे पटेना. तळाला जाईपर्यंत अर्धी माणसं मरतात की! त्यांनी दारू सुटलेल्या माणसांना विचारलं, तुम्हाला जाग कशानं आली? उत्तर निघालं, एका मोठ्या दणक्यानं नव्हे, लहान-मोठे पेचप्रसंग साठत गेले म्हणून. मग त्यांनी ठरवलं, घरच्यांनीच प्रेमानं एकत्र बसून ते प्रसंग त्याच्यासमोर ठेवावेत, आणि उपचाराची जागा आधीच ठरवून ठेवावी. १९७३ साली त्यांनी यावर पुस्तक लिहिलं आणि ही रीत जगभर गेली. आपण तिला समजुतीची बैठक म्हणू. आपल्याकडे सोयरिकीसाठी बैठक बसते, वाटणीसाठी बसते. मग आजारासाठी का बसू नये?

पण ही रीतही तपासली गेली. १९९९ साली अमेरिकेत १३० घरांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एका गटाला जॉन्सन यांची बैठक शिकवली, दुसऱ्याला अल-ॲनॉनसारखा आधार दिला, तिसऱ्याला रॉबर्ट मेयर्स यांनी घडवलेली रीत शिकवली. तिच्यात घरच्या माणसाला रोजच्या वागण्यात काय बदलायचं ते शिकवतात. माणूस उपचाराला जाण्याचं प्रमाण आधाराच्या गटात १३ टक्के निघालं, बैठकीच्या गटात ३० टक्के, आणि रोजच्या वागण्याच्या रीतीत ६४ टक्के. बैठकीचा आकडा कमी का आला? कारण बऱ्याच घरांना ऐनवेळी बैठक घेण्याचा धीरच झाला नाही. ज्यांनी घेतली, त्यांच्यातले बहुतेक माणसाला उपचारापर्यंत घेऊन गेले. यातून धडा काय? बैठक एक दिवसाची असते, पण तिची तयारी रोजच्या वागण्यात असते.

मग रोज काय करायचं? तो पिऊन आला असताना वाद घालू नका. ते बोलणं त्याच्या डोक्यात राहत नाही आणि तुमचा जीव मात्र जातो. न पिता आला त्या दिवशी त्याच्याजवळ बसा, दोन शब्द गोड बोला, बरं वाटलं म्हणून सांगा. आपण नेमकं उलटं करतो. पिऊन आला की भांडतो, न पिता आला की जुना हिशोब काढतो. दुसरं, त्याच्या दारूची फळं तुम्ही झेलू नका. गुत्त्याची उधारी तुम्ही फेडू नका. मुकादमाला ‘त्यांना ताप आहे’ असं खोटं सांगू नका. बचत गटाचं कर्ज त्याच्या हाती देऊ नका. हा सूड नाही. झाकून ठेवलेली जखम दिसत नाही, म्हणून दिसू द्यायची. आणि तिसरं, सगळ्यात आधी तुमचा आणि लेकरांचा जीव. मारहाण होत असेल तर बैठक नंतर. आधी सुरक्षित जागा, मग बाकीचं. २००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा तुमच्या बाजूनं आहे. महिला मदत क्रमांक १८१ आणि पोलिसांचा ११२ पाठ करून ठेवा.

वेळही ओळखता आली पाहिजे. तो गाडीवरून पडला, रक्ताची उलटी झाली, लेकीनं बोलणं टाकलं, अशा वेळी त्याचं मन स्वतःच हललेलं असतं. त्या दोन-चार दिवसांत बसा. सकाळी बसा, तो शुद्धीत असताना. माणसं तीन-चारच असावीत आणि ज्यांचा तो मान ठेवतो तीच. मामा, जुने गुरुजी, मोठी बहीण. ज्याची दारू सुटली आहे असा कुणी मिळाला तर सोन्याहून पिवळं. त्याच्याबरोबर बसणारा नको, शेताच्या बांधावरून ज्याच्याशी भांडण आहे तोही नको. आणि अख्खा बचत गट दारात नको. गटानं तुमच्या मागे उभं राहायचं, त्याच्या पुढे नाही.

बोलायचं ते आधी ठरवा, जमलं तर वहीत लिहून काढा. ‘तुम्ही नेहमी असंच करता’ असं नको. एकच प्रसंग, जसा घडला तसा. उदाहरण सांगते. “तुमच्यावाचून आमचं चालत नाही, म्हणून बोलतेय. पोळ्याच्या दिवशी तुम्ही बैल सजवले. रात्री तुम्ही मारुतीच्या पाराजवळ पडला होता. धाकटीनं तुम्हाला उठवलं. दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेली नाही. मला भीती वाटते. उद्या सकाळी घाटीत जाऊ. मी सोबत आहे, भाऊजींनी गाडी सांगितलीय, म्हशीचं दूध सासूबाई काढतील.” बघा, यात शिवी नाही, धमकी नाही, रडारड नाही. आणि ‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हणायला जागाही नाही, कारण गाडी, दिवस, जागा सगळं ठरलेलं आहे.

म्हणून बैठकीच्या आधी दवाखाना बघून या. संभाजीनगरात घाटीत, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, मानसिक आजारांचा विभाग आहे. व्यसनमुक्तीसाठी सरकारी मदत क्रमांक १४४४६, मनाच्या आजारासाठी टेलिमानस १४४१६. दोन्हींवर घरची माणसंही बोलू शकतात. आणि एक इशारा. रोज भरपूर पिणाऱ्याला घरात कोंडून एकदम दारू तोडू नका. झटके येतात, भास होतात, कधी जीवही जातो. दारू तोडायची ती डॉक्टरांच्या नजरेखाली. बांधून न्यायचंही नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं रुग्णालाही हक्क दिलेले आहेत. जिथे मारतात, साखळ्या घालतात, घरच्यांना भेटू देत नाहीत, तिथे आपला माणूस ठेवू नका.

२०१९ साली केंद्र सरकारनं देशभरच्या पाहणीचा अहवाल काढला. दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकालाच काहीतरी उपचार मिळतो, असं त्यात निघालं. बाकीचे ३७ कुठे असतात? आपल्या ओट्यावर असतात. म्हणून हे काम डॉक्टरांच्या आधी आपल्या हातात येतं.

त्या गावातल्या बाईचं पुढे काय झालं, ते सांगते. ती, तिचा दीर आणि तिच्या नवऱ्याचे जुने गुरुजी असे तिघं बसले. पहिल्यांदा तो उठून निघून गेला. ती त्याच्या मागे धावली नाही. एवढंच म्हणाली, गाडी पुन्हाही सांगता येईल. दिवाळीनंतर त्याच्या पोटात दुखायला लागलं, तेव्हा त्यानंच विचारलं, ते गुरुजी कुठे म्हणत होते जायचं? गेला. तीन महिने नीट राहिला, संक्रांतीला घसरला, पुन्हा गेला. परवा तिचा फोन आला होता. म्हणाली, ताई, आजचा दिवस बरा आहे. मी विचारलं, आणि तू? ती जरा थांबली. म्हणाली, मी पण जेवले आज वेळेवर.

माझ्या आईला हे कुणी विचारलं नाही. तुम्ही तुमच्या गटातल्या बाईला नक्की विचारा. पुढच्या बैठकीत हप्ते झाले, चहा झाला, की दाराशी बसलेलीकडे एकदा बघा.